खडकाळ वाटेवर धावणाऱ्याचे पाऊल



नवी दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणून ओळखली जाते. झाशीच्या राणीचे नाव तिला दिलेले आहे. राणी माहेरच्या तांबे. त्यामुळे बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे आलेल्या कुटुंबाला निदान पत्ता तरी परका वाटत नाही. या भागातील रस्ते सपाट व डांबरी आहेत आणि पहाटेच्या वेळी त्यांवरून धावणारे स्त्री-पुरुष दृष्टीस पडतात. कोणी प्रकृतीसाठी धावतो, कोणी शर्यतीच्या तयारीसाठी, तर कोणी भरतीच्या चाचणीसाठी. काही महिने असे धावल्यावर पायांत बळ आल्यासारखे वाटते, दम टिकू लागतो, आणि मग एखाद्या रविवारी यांपैकी काही जण डांबरी रस्ता सोडून टेकडीकडे वळतात.

दिल्लीत टेकडी म्हणजे 'रिज'. गुजरातेपासून राजस्थानातून आलेली अरवलीची रांग दिल्लीत येऊन संपते. तिच्या या शेवटच्या टोकाला दिल्लीकर रिज म्हणतात. लक्ष्मीबाई नगरापासून काही किलोमीटर दक्षिणेला गेले की महरौलीजवळचे संजय वन लागते. तेथे लाल कोटाच्या जुन्या तटाचे अवशेष झाडीत उभे आहेत. वायव्येला धौला कुआँच्या बाजूस मध्य रिजचे रान आहे. आणखी दक्षिणेला, हरियाणाच्या सीमेवर, असोला-भट्टीचे अभयारण्य आहे. या साऱ्या ठिकाणी पायाखाली खडक असतो. रस्त्यावर तयार झालेला धावपटू येथे प्रथम येतो तेव्हा त्याची छाती तयार असते, मांड्या तयार असतात. तयार नसते ते पाऊल. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

पावलाची रचना प्रथम थोडक्यात पाहू. एका पावलात 26 हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून 52, म्हणजे शरीरातील 206 हाडांपैकी सुमारे एक चतुर्थांश हाडे घोट्याखालच्या एवढ्याशा जागेत एकवटलेली आहेत. ती अस्थिबंधांनी एकमेकांस बांधलेली असून त्यांच्या कमानी बनलेल्या आहेत. पाऊल जमिनीवर टेकताना कमान किंचित सैल होते व भार झेलते. पाऊल उचलताना ती ताठ होते व शरीराला पुढे लोटते. एकच अवयव क्षणभर लवचिक आणि दुसऱ्या क्षणी ताठ, अशी ही योजना आहे. डांबरी रस्त्यावर हे काम एकाच ठरावीक रीतीने होते. पाच किलोमीटर धावताना सुमारे पाच हजार पावले पडतात, आणि ती जवळजवळ सारखीच असतात. म्हणून रस्त्यावरच्या दुखापती पुनरावृत्तीच्या असतात. खडकाळ वाटेवर एक पाऊल दुसऱ्यासारखे पडत नाही. एक आत कलते, दुसरे बाहेर. एक उंचावर पडते, तर एक खळग्यात. येथे पुनरावृत्तीच्या जोडीला अनपेक्षिताचा धोका येतो.

हा धोका मुख्यतः तीन ठिकाणी प्रकट होतो. पहिले ठिकाण घोट्याची बाहेरची बाजू. पाऊल आतल्या अंगाला दुमडले की बाहेरच्या घोट्यापुढचा अस्थिबंध ताणला जातो किंवा फाटतो. यालाच आपण पाय मुरगळणे म्हणतो. दुसरे ठिकाण पावलाचा मधला व पुढचा भाग, म्हणजे चवडा व त्यामागची लांब हाडे. टोकदार दगडावर वारंवार भार पडल्याने ही हाडे ठेचाळतात आणि त्यांत बारीक चीरही पडू शकते. तिसरे ठिकाण त्वचा व नखे. फोड, काटे, ठेचा, काळी पडलेली नखे हे प्रकार किरकोळ वाटतात. परंतु तळव्याच्या फोडामुळे पाऊल वाकडे टाकणारा धावपटू थोड्याच वेळात घोटाही मुरगळून घेतो. किरकोळ आणि गंभीर यांची अशी साखळी असते.

वाट कोणत्या खडकाची आहे हे जाणणे उपयोगाचे असते. दिल्लीच्या रिजचा खडक क्वार्टझाइट आहे. वालुकाश्म भूगर्भातील दाबाने व उष्णतेने बदलून तो तयार झाला. तो अतिशय कठीण असून त्याच्या कडा लवकर झिजत नाहीत, त्यामुळे रिजवरचा फुटका दगड बहुधा धारदार असतो. हाच खडक जेथे कुजून भुसभुशीत झाला तेथे जाड, टोचरी वाळू बनते. दिल्लीचे गवंडी तिला 'बदरपूर' म्हणतात. एके काळी भट्टीच्या खाणींतून ती बांधकामासाठी निघत असे. सपाट खडकावर या वाळूचा पातळ थर पसरला असेल तर पाऊल हरभऱ्यावर पडल्यासारखे घसरते. दुरून तो भाग इतरांपेक्षा गुळगुळीत व सोयीचा दिसतो, आणि म्हणूनच तो फसवतो.

सह्याद्रीचा खडक निराळा आहे. तो बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला. तो झिजताना पुष्कळदा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो आणि गोलसर धोंडे मागे उरतात. म्हणून घाटातल्या नाळेतून उतरताना धारेपेक्षा दगड गडगडण्याचे भय अधिक असते. मुरमाड उतारावरच्या घसाऱ्यात पाऊल खाली सरकते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते. भाद्रपद-आश्विनात गवत कमरेएवढे वाढून दगड व खळगे झाकून टाकते; तेच गवत फाल्गुनात वाळून आडवे झाले की चटईसारखे निसरडे होते. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणाऱ्या पुणेकरांना हे ऋतू पायांनी पाठ असतात. अलीकडच्या काळात सिंहगड, राजगड व तोरणा या किल्ल्यांना जोडणाऱ्या वाटांवर लांब पल्ल्याच्या शर्यती होऊ लागल्या आहेत, आणि दिल्लीत सराव करून तेथे उतरणाऱ्यांना या दोन खडकांतील फरक प्रथमच कळतो. रिजवर धारेपासून जपावे लागते, सह्याद्रीत हलत्या धोंड्यापासून.

रिजवर आणखी एक गोष्ट आहे, ती काट्यांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांच्या राजवटीत येथे विलायती कीकर लावण्यात आला. महाराष्ट्रात यालाच वेडी बाभूळ म्हणतात. या झाडाने रिजचा फार मोठा भाग व्यापला आहे. त्याचा वाळका काटा पातळ तळाच्या बुटातून आरपार जातो. तो पूर्ण निघाला नाही तर टोक आत राहून पू होतो. अशा जखमेच्या बाबतीत धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवले पाहिजे. शेवटची मात्रा घेऊन दहा वर्षे झाली असतील तर ती पुन्हा घ्यावी. जखम मातीने मळलेली व खोल असेल आणि पाच वर्षे उलटली असतील तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. खडकाळ वाटेवर पाऊल शाबूत कसे राखावे? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण बुटांच्या दुकानात शोधतात. वास्तविक उत्तराचा प्रारंभ डोळ्यांपासून होतो. पाय तेथेच पडतो जेथे नजर आधी पोहोचलेली असते. नवखा धावपटू आपल्या अंगठ्याकडे पाहत धावतो. त्यामुळे दगड दिसतो तेव्हा पाऊल बदलण्यास अवधी उरत नाही. दुसरा एखादा दूरच्या वळणाकडे किंवा झाडावरच्या मोराकडे पाहतो. दोघेही ठेचकाळतात. नजर चार-पाच पावले पुढे ठेवावी, जागा निवडावी, आणि निवडलेल्या जागी पाऊल पडेपर्यंत नजर पुढच्या जागेकडे गेलेली असावी. देखावा पाहावयाचा असेल तर थांबावे. धावणे आणि देखावा पाहणे या दोन क्रिया खडकावर एकाच वेळी होत नाहीत.

यावरून वेगाचा नियम आपोआप निघतो. ज्या वेगात जागा निवडणे शक्य आहे तोच त्या वाटेचा वेग. रस्त्यावर पाच मिनिटांत किलोमीटर धावणाऱ्याला रिजवर त्याच अंतराला सात-आठ मिनिटे लागली तर त्यात कमीपणा नाही. मनगटावरच्या घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्याचे डोळे वाटेवर नसतात. पहाटेचा अंधार, हिवाळ्यातील दिल्लीचे धुके, किंवा झाडीतून येणारी तिरपी ऊन-सावली यांत नजरेचा पल्ला कमी होतो. तेव्हा वेगही त्याच प्रमाणात कमी झाला पाहिजे. अंधारात धावणे टाळता येत नसेल तर कपाळावर बांधण्याचा दिवा वापरावा. रिजवर जाण्याच्या वेळा व तेथील बंधने पाळावी आणि एकट्याने जाऊ नये. मुरगळलेल्या पायाने रानातून बाहेर पडण्यास दुसऱ्याचा खांदा लागतो.

डोळ्यानंतर पावलाची लांबी. लांब टांग टाकली की पाऊल शरीराच्या पुढे पडते. त्या क्षणी शरीराचा भार मागे असतो, गुडघा ताठ असतो, आणि दगड हलला तर सावरण्यास काहीच हाती उरत नाही. आखूड व जलद पावले टाकली तर प्रत्येक पाऊल शरीराच्या खाली पडते. एक पाऊल चुकले तरी दुसरे लगेच जमिनीवर येते व तोल राखते. पाऊल दगडाच्या कडेवर न ठेवता सपाट भागावर ठेवावे. दोन दगडांच्या फटीत चवडा घालू नये. जो दगड जमिनीत रुतलेला आहे असे स्पष्ट दिसते त्यावरच पूर्ण भार टाकावा. सुट्या दगडावर पाऊल पडलेच तर तेथे न रेंगाळता पुढे जावे. पाऊल नेहमीपेक्षा थोडे अधिक उचलावे, कारण ठेच दगडाच्या उंचीमुळे लागते तितकीच पाय फरफटल्यामुळे लागते.

चढापेक्षा उतार अधिक घातक असतो, ही गोष्ट नवख्याला पटत नाही. चढावर दम लागतो, म्हणून मनुष्य आपोआप सावध होतो. उतारावर दम लागत नाही आणि वेग फुकट मिळाल्यासारखा वाटतो. परंतु उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखून धरण्याचे काम करीत असतात. हे काम त्यांना लवकर थकवते, आणि थकलेले स्नायू भार झेलीनासे झाले की तो भार पावलाच्या हाडांवर जातो. उतारावर गुडघे किंचित वाकलेले ठेवावे, हात थोडे पसरून तोल सांभाळावा, आणि अंग मागे झुकवून टाचेवर घसरत जाणे टाळावे. तीव्र उतारावर चालावे. सह्याद्रीतल्या शर्यतींत मुरलेले धावपटूही अवघड टप्प्यांवर चालतात. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

थकव्याबद्दल एक स्वतंत्र शब्द सांगणे आवश्यक आहे. थकलेला पाय कमी उचलला जातो आणि थकलेली नजर जवळ येते. म्हणून जाताना जितके अंतर सहज गेले तितकेच परत येताना सहज जाईल असे गृहीत धरू नये. दोन वेळा ठेच लागली की ती सूचना समजावी आणि तेथून चालत परतावे. दिल्लीच्या उन्हाळ्यात हे अधिकच खरे आहे. उष्मा व तहान यांनी लक्ष विचलित होते आणि दगडाची जागा चुकते.

आता बुटांविषयी. खडकाळ वाटेवरच्या बुटाचा तळ इतका जाड असावा की धारदार दगड तळव्याला टोचू नये, आणि इतका लवचिक असावा की जमीन जाणवावी. तळाला खोल खाचा असाव्या. बोटांवर टणक आच्छादन असावे. पुष्कळांची समजूत अशी की तळ जितका उंच व मऊ तितके पाऊल सुरक्षित. सपाट रस्त्यावर तशा बुटाने आराम वाटेल. पण खडकावर उंच तळ कलला की घोट्यावरची पीळही वाढते. बूट सायंकाळी विकत घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगलेले असते. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. ती नसेल तर उतारावर बोटे पुढे आपटून नखाखाली रक्त साकळते व नख काळे पडते. टाच बुटात हलत असेल तर फोड येतात. उतारापूर्वी नाड्या घोट्याजवळ घट्ट आवळाव्या व बोटांकडे सैल ठेवाव्या. मोजे सुती असतील तर ते घाम धरून ठेवतात आणि ओली त्वचा घासली की फोड येतो; म्हणून घाम लवकर सोडणारे मोजे वापरावे. नखे आधी सरळ कापून घ्यावी. या साऱ्या गोष्टी लहान आहेत, पण त्या निघण्यापूर्वी करावयाच्या आहेत.

बुटांचा विषय निघाला की अनवाणी धावण्याचा प्रश्न हटकून विचारला जातो. इथिओपियाचा आबेबे बिकिला याने 1960 साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच बिकिलाने 1964 साली टोकियोमध्ये बूट घालून मॅरेथॉन पुन्हा जिंकली आणि पूर्वीपेक्षा कमी वेळात जिंकली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. आदिवासी पाड्यावर वाढलेल्या या धावपटू सुरुवातीला अनवाणी धावत, आणि 2010 साली दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. ज्या पावलाला लहानपणापासून माती-दगडाची सवय आहे त्याची त्वचा, स्नायू व हाडे त्या सवयीने घडलेली असतात. ती घडण वर्षांची असते. ती आठवड्यात मिळत नाही.

हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी 2010 साली असे दाखवून दिले की अनवाणी धावण्याची सवय असलेले धावपटू बहुधा टाचेवर न उतरता चवड्यावर उतरतात व त्यामुळे जमिनीचा एकदम बसणारा धक्का टाळतात. या शोधाचा अर्थ पुष्कळांनी घाईने लावला आणि बूट काढून टाकले. 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरावलेल्या धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू अगदी पातळ तळाच्या बुटांकडे नेण्यात आले. त्यांपैकी अनेकांच्या पावलांच्या हाडांत सूज आढळली. दहा आठवडेसुद्धा अपुरे ठरले. रिजवर तर काटे आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचाही असतात. तेथे अनवाणी धावणे शहाणपणाचे नव्हे. मधुमेही माणसाने तर कोणत्याही वाटेवर अनवाणी धावू नये. त्याच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते आणि जखम झाल्याचे त्याला घरी आल्यावर, कधी दोन दिवसांनी, कळते.

संवेदनेचा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचा फार मोठा अभ्यास भारतातच झाला. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक 1946 पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात कुष्ठरुग्णांवर उपचार करीत. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे आपोआप झडतात अशी तोवर समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग मज्जातंतूंना मारतो, त्यामुळे वेदना नाहीशी होते, आणि वेदना नसल्याने रुग्ण जखमी पावलावरून तसाच चालत राहतो. नाश होतो तो या चालण्याने. निरोगी माणूस लांबवर चालताना नकळत पाऊल थोडे बदलून टाकतो, दुखऱ्या जागेवरचा भार दुसरीकडे नेतो. ज्याला दुखत नाही तो हे करू शकत नाही. धावपटूची गंमत अशी की त्याला दुखते, आणि तरीही तो ते न दुखल्यासारखे वागतो. निसर्गाने दिलेला पहारेकरी तो स्वतःच्या हाताने दूर करतो.

याचे दुष्परिणाम सर्वांत अधिक भोगावे लागतात ते भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांब कवायतीनंतर तरुण सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या सूज व वेदनेचे वर्णन केले. 1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्यानंतर दोन वर्षांतच कळले की हा प्रकार म्हणजे पावलाच्या लांब हाडांना पडलेली चीर होय. ही चीर एका आघाताने पडत नाही. हाडावर भार पडला की त्यात सूक्ष्म झीज होते व विश्रांतीच्या काळात ती भरून निघते. भार वाढत गेला आणि विश्रांती मिळाली नाही, तर झीज भरण्यापेक्षा अधिक होते आणि शेवटी हाड चिरते.

महाराष्ट्रातील गावोगावी पोलीस व सैन्यभरतीसाठी मुले-मुली पहाटे धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर व मुलींना 800 मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की उरलेल्या थोड्या आठवड्यांत सराव एकदम दुप्पट केला जातो. तोही पुष्कळदा खडी उखडलेल्या रस्त्यावर, माळरानावर, झिजलेल्या बुटांनी. पावलाच्या वरच्या भागावर एका ठिकाणी बोट ठेवताच कळ येऊ लागते. मुलगा कोणाला सांगत नाही, कारण सांगितले तर घरचे धावू देणार नाहीत. चाचणीच्या आदल्या आठवड्यात तेच हाड पूर्ण मोडते. एरवी सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने जुळले असते ते हाड आता अधिक वेळ घेते, आणि वयाची मर्यादा तर कोणासाठी थांबत नाही. येथे एका पावलाची दुखापत ही एका घराच्या आशेची दुखापत ठरते. अशा मुलाला धीर देणाऱ्यांपेक्षा वेळेवर थांबवणारा माणूस अधिक उपयोगी असतो.

म्हणून वेदनांचे दोन प्रकार ओळखावयास शिकावे. धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या व मांड्या दोन्ही बाजूंना सारख्याच भरून येणे ही श्रमाची वेदना होय. ती दोन-तीन दिवसांत जाते. याउलट एकाच पावलात, बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी होणारी, धावताना वाढत जाणारी आणि पुढे रात्रीही ठणकणारी वेदना ही हाडाची शंका होय. अशा वेळी धावणे तत्काळ थांबवावे. आरंभीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात चीर बहुधा दिसत नाही. चित्र निर्दोष आले म्हणून पुन्हा धावू लागणे ही नेहमीची चूक आहे. पावलाच्या मध्यावर, कमानीच्या माथ्याशी असलेल्या नौकाकृती हाडाची चीर तर विशेष चिवट असते, कारण तेथे रक्तपुरवठा कमी असतो.

पाय मुरगळला तर काय करावे? प्रथम बसावे. उठून "काही झाले नाही" असे म्हणत धावू लागणे हा सर्वांत वाईट उपचार होय. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली. ती पुढे जगभर वापरात आली. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखते काय, पावलाच्या बाहेरच्या कडेवरील मधला उंचवटा दुखतो काय, आतल्या बाजूचे नौकाकृती हाड दुखते काय, आणि चार पावले चालता येतात काय, हे पाहावे. हाडावर दुखत असेल किंवा चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. लक्ष्मीबाई नगरच्या रहिवाशांना यासाठी दूर जावे लागत नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था जवळच आहे, आणि सफदरजंग रुग्णालयात 2010 साली क्रीडा-दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले.

हाड मोडले नसेल तर विश्रांती, पट्टीचा दाब व पाय उंचावर ठेवणे हे उपचार पुरेसे असतात. बर्फाविषयी मत बदलले आहे. 1978 साली अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब व उंची असे चार उपचार एका सूत्रात बांधले आणि ते सर्वत्र रूढ झाले. 2014 साली त्यांनी स्वतःच सांगितले की बर्फ व पूर्ण विश्रांती यांनी जखम भरण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून बर्फ वेदना शमवण्यापुरता, थोडा वेळ, कापडात गुंडाळून लावावा. पहिल्या दिवसांत चोळणे व गरम शेक टाळावा. सूज उतरू लागताच घोट्याची हलकी हालचाल सुरू करावी. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो. अस्थिबंध ताणला गेला की त्यातील संवेदक मज्जातंतूही दुखावतात, आणि पाऊल कोणत्या कोनात आहे ही बातमी मेंदूला उशिरा पोहोचते. हे ज्ञान सरावाने परत मिळवावे लागते. केवळ सूज गेली म्हणून ते परत येत नाही.

हा सराव घरच्या घरी करता येतो आणि त्याला काहीच खर्च नाही. दात घासताना एका पायावर उभे राहावे. आधी डोळे उघडे ठेवून, पुढे भिंतीजवळ उभे राहून डोळे मिटून. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा टेकून टाच सावकाश वर-खाली करावी. जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी ओढावा. स्वच्छ, तपासून घेतलेल्या हिरवळीवर थोडा वेळ अनवाणी चालावे. मुरगळलेल्या घोट्यांच्या बाबतीत तोल साधण्याचा असा व्यायाम पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी करतो, हे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे.

रिजवरचा पहिला महिना शिकाऊ समजावा. पहिले दोन आठवडे त्या वाटेवर केवळ चालावे व वाट ओळखून घ्यावी. तिसऱ्या आठवड्यात सपाट भागांवर धावावे. त्यानंतर चढावर धावावे व उतारावर चालावे. उतारावर धावणे सर्वांत शेवटी. आठवड्यातून एक दिवस खडकावर आणि उरलेले दिवस नेहमीच्या रस्त्यावर, असा क्रम ठेवला तर हाडांना व अस्थिबंधांना जुळवून घेण्यास अवधी मिळतो. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूंना त्याहून अधिक काळ लागतो, आणि हाडे व अस्थिबंध यांना महिने लागतात. दुखापती बहुतेक या अंतरामुळे होतात. छाती म्हणते चला, आणि पाऊल अजून तयार नसते.

खडकाला धावपटूशी वैर नाही. अरवलीचे हे दगड कोट्यवधी वर्षांचे जुने आहेत, आणि त्यांवरून उतरण्याची घाई फक्त माणसाला असते. नजर पुढे, पाऊल आखूड, उतारावर संयम, दुखल्यावर थांबणे आणि तयारीला महिने देणे, एवढ्या पाच गोष्टी पाळणाऱ्याला रविवारी सकाळी संजय वनातून घरी परतताना फार तर बुटातील वाळू झटकावी लागेल. आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा जाऊ शकेल.